यू-९ मधली तीन घरं

गाठ पडली ती प्रिंटरपाशी. आयपेरीची पंपाच्या सर्किटची पानं तिलेकच्या पानांत मिसळली, दोघं एकदमच वाकले, कपाळावर कपाळ आपटलं... आणि डोंगरकुरणांवरच्या दुधाच्या टाक्यांसाठी बोर्ड बनवणाऱ्या बिश्केकच्या त्या छोट्या कंपनीत आयपेरीचं कामावरचं लक्ष उडालं ते उडालंच.

त्याला दीड महिना झाला. तिलेक हसायचा, तिच्या टेबलावर चहा आणून ठेवायचा, पण बोलायचा काही नाही. खिशातले कुरूत, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे, द्यायचा खरा — पण ते तर तो मेएरिमलाही द्यायचा! टाकीच्या भोंग्याच्या सर्किटचं पान काढणारी, बोर्डावर तारा आखणारी, लांब वेणीची मेएरिम.

त्या सकाळी तिलेकने संगणकावर सगळ्या पानांवरच्या गेटांना, म्हणजे सर्किटमधल्या हो-नाही ठरवणाऱ्या छोट्या भागांना, क्रमांक दिले. एका आयसीत, म्हणजे चिपमध्ये, अशा गेटांसाठी चार घरं असतात. कुठल्या पानावरचं गेट कुठल्या आयसीत राहणार, ते या क्रमांकांवरून ठरतं. आयपेरीने पाहिलं. यू-५ या आयसीत दोन गेटं तिलेकची, दोन मेएरिमची. तिचं स्वतःचं मात्र यू-९ मध्ये एकटंच, बाकी तीन घरं ओस.

तिचा नुसता तिळपापड झाला. जेवणाच्या सुट्टीत तिने मेएरिमचं एक गेट उचलून यू-९ मध्ये टाकलं, स्वतःचं यू-५ मध्ये नेलं आणि क्रमांकांना कुलूप लावून टाकलं.

"तिलेक!" दुपारी मेएरिम ओरडली. "ही तार पंपापासून निघून अख्ख्या बोर्डाला वळसा घालतेय. डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"मी नाही केलं हे."

"मी केलं," आयपेरी म्हणाली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. "तुम्हीच दोघांनी शेजारी राहायचं, असं कुठे लिहिलंय?"

मेएरिमने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिलेककडे. "अगं बाई! बोर्डावर आमच्या पानांवरचे भाग खेटून आहेत, म्हणून गं. नाहीतर या सारखं शीळ घालणाऱ्याच्या शेजारी मी राहीन होय?" असं म्हणून ती चहाचा पियाला घेऊन हसत बाहेर गेली.

तिलेक खुर्ची ओढून जवळ बसला. "यू-९ ची टीप उघडलीस?"

"नाही..."

"उघड की."

तिन्ही रिकाम्या घरांपुढे एकच ओळ होती: राखीव, पंपाचं दुसरं पान, तिलेक.

"सोमवारपासून पंपाचं काम मीही करणार," तो हळूच म्हणाला. "साहेबांच्या मागे लागून मागून घेतलं. तुला विचारायचं तेवढं राहिलं — धीरच होत नव्हता. तिथे राहायला आलो, तर... चालेल?"

आयपेरीने कुलूप काढलं, मेएरिमचं गेट यू-५ मध्ये धाडलं आणि आपलं परत यू-९ मध्ये ठेवलं.

"चालेल. तू आवडतोस मला, म्हणून तर एवढी जळले. पण एक अट आहे."

"कुठली?"

"मेएरिमला कुरूत द्यायचे नाहीत."

तिलेकने दोन्ही खिसे तिच्या टेबलावर उलटे केले.