रथसप्तमीपर्यंतचा तीळगूळ

गंगेच्या घाटावर ऊन अजून कोवळंच होतं. आणि एक तरुण साहेब, नेमका ओल्या पायरीवर उभा राहून, डाव्या बुटातलं पाणी झटकत होता. हातात चामडी बॅग, डोक्यावर काळी टोपी, आणि पायमोज्याला भोक... चांगलं आवळ्याएवढं!

श्यामला कमरेवर घागर घेऊन वर चढत होती. भल्या घरच्या मुलीनं नजर खाली ठेवून जावं म्हणतात. तिनं खालीच ठेवली होती, म्हणून तर दिसलं.

"टाच गेलीय," ती बोलून गेली.

"आँ?"

"मोज्याची. विणतानाच दोन टाके सुटलेत. धुण्यानं असं जात नाही."

त्यानं आधी पायाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण डोळे हसत होते. "एवढं कळतं, तर वेणीमाधवभटांचं घरही ठाऊक असेल?"

घागर हिंदकळली. ते तिचंच घर होतं! म्हणजे तिचा अर्ज तपासायला येणारा सरकारच्या उद्योगखात्याचा माणूस तो हाच...

वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचे यात्रेकरू यजमान भाऊबंदांनी वाटून घेतले. मॅट्रिक झालेल्या श्यामलानं मग घोटीच्या मावशीकडून मोजे विणायचं हातयंत्र उसनं आणलं. "भटाची पोर लोकांच्या पायाचं विणते!" आळीत कुजबुज झाली, तरी जवळच्या देवळालीच्या दुकानांत तिचे मोजे जाऊ लागले. पण मावशीला आता ते विकायचं होतं. विंचूरचा एक दुकानदार गिऱ्हाईक म्हणून तयारच होता. रथसप्तमीपर्यंत थांबते, मावशी म्हणाली होती. लहान धंद्यांना सरकार हत्यारांसाठी मदत देतं असं कळल्यावर श्यामलानं अर्ज केला. मदत मिळाली तर यंत्र तिचं, नाहीतर विंचूरचं.

"आजच यायचं होतं होय?" आई सावित्रीबाई आत पुटपुटल्या. संक्रांतीचा दुसरा दिवस, कर. या दिवशी शुभ काम करत नाहीत. तरी त्यांनी तांब्याभर पाणी आणि तीळगुळाची वाटी पुढे केली.

साहेबानं, गंगाधर त्याचं नाव, हात जोडले. "माफ करा काकू. अर्जाचा निकाल लागेपर्यंत या घरचं पाणीही घेता येत नाही."

"अहो, तीळगुळाला कुणी नाही म्हणतं का?"

त्यानं वाटी हळूच मागे सारली. श्यामलाच्या मनात बारीकसं काहीतरी रुतलं. ती यंत्रापाशी बसली.

"एक मोजा विणून दाखवता? माप..."

"माप घाटावर घेतलंय."

यंत्राचा दांडा फिरू लागला. गरगर, एका लयीत. मग टाच आली, तसा हात मंदावला. दांडा अर्धा पुढे, अर्धा मागे.

"थांबलात का?"

"टाचेला पूर्ण फेरा चालत नाही, साहेब. पुढे जायचं, मागे यायचं. घाई केली की..." तिनं त्याच्या पायाकडे पाहिलं, "असं होतं."

तो खळखळून हसला. मग हसू विरलं, तरी नजर तिच्या बोटांवरून हलेना. पेन्सिल हातातच राहिली होती. कागद कोरा.

आठवड्यानं कळलं, गंगाधरनं तिचा अर्ज दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवलाय. काय चुकलं? फार बोललो का आपण? नवे अधिकारी पिकल्या मिशांचे, कडक. टाके भिंगाखाली धरून पाहिले, मोजा ताणताण ताणला, शब्द न बोलता गेले.

रथसप्तमीच्या सकाळी पत्र आलं. मंजूर! आईनं ते सूर्यापुढे ठेवलं. आणि दुपारी दारात तीच काळी टोपी.

"तीळगूळ उरलाय का?" गंगाधरनं विचारलं. "आजपर्यंतच देतात ना?"

श्यामला उंबऱ्यातच उभी राहिली. "आधी सांगा... माझा अर्ज दुसऱ्याकडे का दिलात?"

"शेरा लिहायला बसलो होतो. यंत्राबद्दल दोन ओळी झाल्या..." तो अडखळला, "आणि तुमच्याबद्दल पानभर. असा माणूस निकाल कसा देणार? उद्या आळीतल्या कुणी म्हणायला नको, साहेबाच्या मर्जीनं मिळालं. यंत्र तुम्ही तुमच्या हातांनी मिळवलंत. मी फक्त... बाजूला झालो."

श्यामलानं आतून तीळगुळाची वाटी आणली. खाली पाहिलं, तर बूट काढलेल्या पायाला तेच भोक!

"अजून हेच? सरकारी नोकरांना दुसरे मोजे मिळत नाहीत?"

"मिळतात. मला इथलेच हवेत. जन्मभर..." पाळ्या पुन्हा लाल झाल्या. "काकूंना विचारायला आलोय. पण आधी तुम्हाला विचारतो."

"अर्ज आलाय, तर तपासणी होईल," ती हळूच म्हणाली. "मला घाई चालत नाही, ठाऊक आहे ना?"

"अर्धा पुढे, अर्धा मागे. ठाऊक आहे."

तिनं त्याच्या तळहातावर तीळगूळ ठेवला. बोटं तिथंच राहिली... मागे आली नाहीत.

"अगं, दारातच काय!" आतून सावित्रीबाई ओरडल्या. "त्यांना पाणी तरी दे!"

गंगाधरनं तांब्या तोंडाला लावला, आणि पार रिकामा करूनच खाली ठेवला.