अमेरिकन गाडी आणि कागलचा पोरगा

पाऊस वाढायला आणि माझ्या बाजूची काच दारात गडप व्हायला एकच गाठ पडली. वर करायला बटण दाबलं, तर काच गेली खाली. आत कुठंतरी खळ्ळ झालं आणि संपलं! ताराराणी चौकाचा सिग्नल, श्रावणातली तिरपी सर, मागं केएमटी बसचा ड्रायव्हर हॉर्नवर हात टाकून बसलेला… आणि मी उजवीकडून चिंब, डावीकडून कोरडी.

गाडी कशीबशी कडेला घेतली आणि शिव्या देतच उतरले. राजारामपुरीत क्लासमध्ये गणित शिकवते मी. पोरांसमोर तोंड जपावं लागतं, म्हणून राहिलेलं सगळं गाडीवर निघतं.

"काच गेली व्हय?"

मोटारसायकल थांबवून एकजण विचारत होता. अंगात रेनकोट, भुवयांवरून पाणी ठिबकतंय आणि डोळ्यांत चक्क हसू.

"न्हाय ओ, हवा खात उभारलोय!" मी म्हटलं. आमच्याकडं पोरीसुद्धा 'आलो-गेलो'च म्हणतात, बाहेरच्या पावण्यांनी दचकू नये.

त्यानं मोटारसायकलच्या डिकीतून प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टी काढली. दाराची चौकट रुमालानं कोरडी केली आणि कागद ताणून चिकटवू लागला. त्याच्या मनगटावरून पाणी ओघळत होतं. मी मात्र थांबायला तयार नव्हते.

"डेलमर म्हणे! अमेरिकेत शंभर वर्षं गाड्या करत्यात. शंभर वर्षांत एक काच धरून ठेवायला शिकली न्हाईत? त्या कंपनीचा माणूस एकदा माझ्या तावडीत सापडू दे…"

"सापडला तर काय करशीला?"

"असाच उभा करीन पावसात. अर्धा!"

"बरं…" त्यानं शांतपणे रेनकोटची चेन खाली ओढली. आत डेलमरचा निळा शर्ट, खिशावर पट्टी — प्रसेनजीत, ग्राहक सेवा. "कुठली बाजू भिजवायची? उजवी का डावी?"

मी त्याच्या हातातली चिकटपट्टी घेतली आणि कागदाचं उरलेलं टोक स्वतःच चिकटवलं.

गाडी आण्णांनी घेतलेली, माझ्या नावावर. पेठ वडगावात आमची शेती, आठ-दहा म्हशी. आण्णा म्हणजे माझे वडील. ते गेलते साधी, पोटाला कमी लागणारी गाडी बघायला आणि शोरूमच्या भिंतीवरच्या एका फोटोनं त्यांना भुलवलं. मोठ्या मिशांचा एक गोरा म्हातारा. हा डेलमर कंपनीचा मूळ पुरुष. आधी नांगर करायचा, मग घोडागाड्या आणि मग मोटारी. "नांगर करणारा माणूस लबाडी करत न्हाय," असं म्हणून आण्णांनी तिथल्या तिथं गाडी ठरवली.

वर्षभरात क्लच गेला. मग एसी, मग दाराची कुलपं. गावात तिचं नाव पडलं, आण्णांची अमेरिकन म्हस. खाती लई, देती काय न्हाय! पारावर कुणी विचारायचं, "आण्णा, आज दूध दिलं का गाडीनं?" आण्णा फेटा सावरत म्हणायचे, "तिला हितली हवा मानवंना. मानवंल." एकदा दारात आणली की ती आपली, हा त्यांचा हट्ट. अख्ख्या गावाचं हसणं त्या माणसानं छातीवर झेललं.

माझं शोरूमला जाणं वाढलं. प्रसेनजीत रोज आमच्यासारख्यांच्या शिव्यांच्या तोंडी असायचा. डेलमरवाल्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता, 'डेलमर दुःखी परिवार'. सकाळी सुविचार, दुपारी शिव्या. गडहिंग्लजच्या एका डॉक्टरची गाडी म्हणे पेशंट बघायला निघाली की बंद पडायची आणि परत येताना बरोबर चालू व्हायची. ही सगळी माणसं येऊन प्रसेनजीतवर ओरडायची. तो ऐकून घ्यायचा, पाणी द्यायचा, आणि शेवटी ओरडणाराच म्हणायचा, "तुझ्यावर राग न्हाय रं बाबा."

"ह्या मिशीवाल्याच्या नांगराची पण अशीच गत होती का?" मी एकदा फोटोकडं बघत विचारलं.

तो इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "सायबाला सांगू नका. पण पहिला नांगर पहिल्याच तासाला मोडलेला म्हणं. तरी शेतकऱ्यानं दुसरा त्याच्याकडनंच घेतला."

"का?"

"माणूस बोलायला गोड होता."

"तुमच्यासारखा?"

त्यानं पेन उचललं, परत ठेवलं, मग उगाच दुसरं उचललं. कान लाल झालेले मला दिसले आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग गाडीत कुरकुर येऊ लागली. कधी डॅशबोर्डखाली, कधी मागच्या सीटला. तो शेजारी बसायचा, मी हायवेनं वडगाव फाट्यापर्यंत गाडी न्यायची. आवाज नीट कळावा म्हणून तो डोळे मिटायचा. आणि मी… रस्ता सोडून त्याच्या पापण्यांकडं बघायची.

"काय ऐकू येतंय?"

"तुझं बोलणं. त्यातनं गाडीचा आवाज कसा यायचा?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते आम्हालाही कळलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडं वळून बसला. बाहेर उसाच्या पानांवर पाऊस वाजत होता.

"तेजस्वी… कुरकुर नव्हतीच न्हवं?"

"…नव्हती."

"मग कशाला आलीस?"

"तुला काय कळत न्हाय?"

"कळतंय की. पण गिऱ्हाइकानं तोंडानं सांगितल्याबिगर आम्ही तक्रार लिहून घेत न्हाय."

"मग घे लिहून! तू आवडतोस मला. लई दिवसापासनं. आणि ही तक्रार तेवढी मिटवायची न्हाय."

तो हसला नाही. नजर वायपरकडं वळवली. मग माझ्या हातावर हात ठेवला, अलगद, गरम इंजिनला हात लावतात तसा.

"मला पण," तो म्हणाला. "पण माझं आडनाव तुला माहीत हाय. कांबळे. तुझ्या घरात माहीत हाय का?"

"आण्णा जीव टाकतात तुझ्यावर, खुळ्या! तू सांगितल्याबिगर ते गाडीत हवासुद्धा भरत न्हाईत."

"ते गाडीसाठी झालं, तेजस्वी."

"तू बघच!" मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. प्रसेनजीत गाडी बघायला घरी यायचा, तेव्हा आण्णा त्याला ओट्यावर बसवून ताज्या दुधाचा चहा पाजायचे. "लेका, जेवूनच जायचं," म्हणायचे. तो निघाला की आईला सांगायचे, "शालू, तेजीला असला जावई गावला पायजे बघ. शांत. न्हाईतर हिच्यासंगं दोन दिस टिकायचा न्हाय कोण!" आणि मी आत परातीतल्या पिठावर वाकून, तोंड लपवून हसायची. आता फक्त बोलायचं बाकी आहे, असंच मी धरून चालले होते.

वर्ष उलटलं आणि भाद्रपदात बातमी आली. डेलमर कंपनी देश सोडून चालली. विक्री बंद, शोरूम बंद. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी शिव्याही आल्या नाहीत. एकानं नुसतं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं.

प्रसेनजीत मूळचा कागलचा, त्याला तिथल्याच पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी मिळाली. "आता तक्रारी ऐकायचं काम न्हाय," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याचा आवाज जरा हलला. मी ठरवलं, आता थांबायचं नाही. खंडेनवमीला सांगून टाकायचं.

खंडेनवमीला आमच्याकडं ट्रॅक्टर, कोयते, दुधाचे कॅन, सगळं धुऊन पुजतात. डेलमरला झेंडूचा हार घातला होता, बॉनेटवर हळदीकुंकू. आण्णांनी स्वतः फोन करून प्रसेनजीतला बोलावलं होतं. तो आला, पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस. आण्णांनी पिशवीतला नारळ काढून त्याच्या हातात दिला.

"फोड लेका. कंपनीनं टाकलं हिला, तू जगवलीस. मान तुझा."

प्रसेनजीतनं नारळ दोन्ही हातांत धरला. एकदा माझ्याकडं बघितलं.

"फोडतो की, आण्णा. पण आधी सांगितलेलं बरं. आम्ही बौद्ध. आमच्या घरात पूजा-नारळ करत न्हाईत. तुमच्या आनंदासाठी फोडतो, त्यात मला कमीपणा न्हाय."

आण्णांचा चेहरा हलला नाही. "आडनाव काय म्हणालासा?"

"कांबळे."

"असू दे, असू दे." आण्णांनी नारळ त्याच्या हातातून काढून घेतला. हळूच, रागाचं नावसुद्धा नाही. तो टायरशेजारी मातीत ठेवला. पिशवीतून दुसरा काढला आणि स्वतः फोडला. "बसा साहेब. चहा घेऊन जावा."

लेकाचा साहेब झाला होता. नारळाचं पाणी बॉनेटवरून खाली गळत होतं.

"आण्णा, नारळ का बदलला?" माझा आवाज शेजारच्या गोठ्यापर्यंत गेला असणार.

"तेजे, आत जा."

"न्हाय जात! का बदलला सांगा. आणि ऐका, ह्याच्याशी लगीन करायचंय मला. तुमी म्हणत होता न्हवं, असला जावई पायजे म्हणून? मग असला कशाला, हाच घ्या की!"

"तेजस्वी, सणाचा दिवस हाय. राहू दे," प्रसेनजीत म्हणाला. खिशातून रुमाल काढून तो हात पुसत होता. हात कोरडेच होते, तरी पुसत होता. "येतो आण्णा. उद्या दसऱ्याला आमचाही सण हाय, धम्मचक्र प्रवर्तन दिन." आई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा त्याची मोटारसायकल वळणावर गेली होती.

संध्याकाळी आण्णा धार काढत होते. मी गोठ्यात त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"गाडी अमेरिकेतनं आली. कुणाकुणाचे हात लागले तिला? विचारलासा कुणाची जात?"

"गाडी आणि लेक एक न्हवं."

"व्हय, न्हवंच. गाडीवर तुमी जास्त माया केलासा!"

चरवीतला धारेचा आवाज थांबला. आण्णा म्हशीच्या कुशीला कपाळ टेकून बसले.

"पोरगं गुणाचं हाय. मला कळत न्हाय असं न्हाय, तेजे… पर गावाला काय तोंड दावू?"

"गावाला?" मी आणखी जवळ गेले. "त्या खटाऱ्यापायी अख्खं गाव हसलं, ते झेललासा की ओ! छाती काढून झेललासा. माझ्यापायी तेवढं जमायचं न्हाय?"

त्यांनी तोंड म्हशीकडंच ठेवलं. पाठ हलत होती. माझे आण्णा रडत होते आणि तरी 'हो' म्हणत नव्हते.

त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. मी कागलला प्रसेनजीतला भेटले. तो म्हणाला, "मला तू पायजेस. पण आण्णा कायमचे तुटतील. त्याचा राग उद्या तू माझ्यावर काढलास तर मी तो झेलीन, सवय हाय. स्वतःवरच काढलास तर?… नीट विचार कर. तू न्हाय म्हणालीस तरी मी तुला वाईट म्हणणार न्हाय." मी विचार केला. रात्र-रात्र केला. आण्णांना सोडवत नव्हतं आणि ह्याला सोडणं तर जमणारच नव्हतं. शेवटी नोंदणी लग्नाच्या नोटिशीवर सही केली, आणि घरी येऊन सांगितलंही. लपूनछपून जायला मी काही चोरी केली नव्हती.

लग्नाच्या दिवशी सकाळी अंगणात आले. आईनं हातावर दही घातलं, पदर तोंडात धरला आणि आत पळाली. आण्णा गोठ्याच्या उंबऱ्यावर, माझ्याकडं पाठ करून बसलेले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलले.

"गाडी तुज्या नावावर हाय. घेऊन जा. माज्या दारात नको."

मी बसले. किल्ली फिरवली. कट्… पुन्हा कट्. स्टार्टर गेलेला, आणि कंपनी गेल्यापासून त्याचा पार्ट कुठंच मिळत नव्हता. तिकडं कचेरीत प्रसेनजीत वाट बघत होता. इकडं भिंतींवरून, गच्च्यांवरून गाव बघत होतं. कुणी पुढं आलं नाही. कुणीतरी हसलं, मला ऐकू आलं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

मग आरशात आण्णा दिसले. धोतर खोचत, मान खाली घालून मागं आले. दोन्ही तळवे डिकीवर ठेवले.

"दुसऱ्या गिअरात टाक."

एवढंच. आणि त्यांनी धक्का मारला. सगळं गाव बघत असताना, गुडघे दुखणाऱ्या त्या माणसानं, मला त्यांच्या दारातून नेणारी गाडी फाटकाबाहेर, चढावरून वर, पार रस्त्याला लावली. त्यांची धाप मला आत ऐकू येत होती. उतार लागला, गाडीला वेग आला, मी क्लच सोडला. एक गचका बसला, काळा धूर निघाला आणि इंजिन सुरू झालं.

आरशात बघितलं. आण्णा रस्त्याच्या मध्ये गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते. एक चप्पल मागंच कुठंतरी राहिली होती. त्यांनी मान वर केली आणि हातानं खूण केली. जा, जा.

माझा पाय ब्रेकवर गेला होता. पण थांबले असते तर गाडी बंद पडली असती, आणि त्यांना परत धक्का मारायला लागला असता. मी रडत रडत तिसरा गिअर टाकला.