पाहुणे नावाचा फोल्डर

तलासरीच्या नाक्यावरून आत वळलं की पाड्यातलं तिसरं घर संगिताचं. ओटीवर एक जुना कॉम्प्युटर, त्याच्यावर धुळीसाठी टाकलेलं फडकं, आणि बाजूला पाड्यातल्या निम्म्या लोकांचे अर्ज. जातीचा दाखला म्हणा, रेशनकार्डातली दुरुस्ती म्हणा, सगळं टाइप करून द्यायची ती. बाई मोठी शिस्तीची. प्रत्येक फाइलला नाव, नावापुढे तारीख. "आई चुलीतल्या राखेवरसुद्धा तारीख घालील," असं तिची मुलगी कविता चिडवायची.

त्या कॉम्प्युटरमध्ये 'आई' नावाचा एक फोल्डर होता. संगिताची आई रूपी ही धवलेरी. म्हणजे लग्नाच्या घरी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहून झाला की त्याच्यासमोर बसून गाणी म्हणणारी. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याआधी भाचीच्या, जमनाच्या लग्नात संगितानं तिचं मोठं गाणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. अकरा मिनिटं झाली आणि मेल्या फोनची बॅटरीच संपली. रूपी शेवटपर्यंत गायली, फोननं ऐकलं नाही. नेमका राहून गेला तो नवरीचं नाव घेण्याचा भाग. तो भाग रूपी एरवी कधी म्हणून दाखवायची नाही. "गाण्यात नाव घेतलं की पोर ज्याच्या चौकासमोर बसलीय त्याच्या घरची झाली," म्हणायची. "उगाच कशाला घ्यायचं?"

आता कविताचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं. नवी धवलेरी रखमी त्या रेकॉर्डिंगवरूनच गाणं पाठ करत होती, आणि त्याच आठवड्यात हार्ड डिस्क आतून खट् खट् वाजायला लागली. आईचा आवाज म्हणून एवढंच उरलं होतं जगात.

ती कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून डहाणूला घेऊन गेली. मसोलीत जतीनचं रिपेअरिंगचं दुकान आहे. जतीननं कान लावून ऐकलं आणि मान हलवली.

"ताई, ही आज आहे, उद्या नाही. एक सेकंडहँड पडलीय माझ्याकडे, चांगल्या घरातली. तुमच्या फायली आधी तिच्यात घेऊ, उघडून बघू, मगच ही काढू."

त्यानं ती दुसरी डिस्क जोडली. पडद्यावर फोटो आले. चिकूची बाग, ओटीवर झोपाळा, झोपाळ्यावर बसलेलं एक म्हातारं जोडपं.

"समुद्राकाठच्या आगर गावचे काशीनाथकाका आणि हिरकणीकाकू," जतीन म्हणाला. "दोघंही गेले. पुतण्यांनी घर रिकामं केलं, काही पुसलंसुद्धा नाही. फॉरमॅट मारून देतो, थांबा."

"नको," संगिता पटकन म्हणाली.

"अहो, कोण कुठचे ते!"

"असू दे. आधी तेच राहत होते ना तिथं? आपण नंतर आलो." रूपीच्या घरात तशीच रीत होती. दारात येऊन बसलेल्याला उठवायचं नाही, सरकून जागा करायची. संगितानं स्वतःच्या हातानं नवा फोल्डर केला, त्याला नाव दिलं 'पाहुणे', आणि त्या घराचे फोटो त्यात ठेवले. मोजून एक्केचाळीस.

जतीन हसला. "धन्य आहात, ताई." संगिताच्या फायली येऊन पोचल्या. शेवटची फाइल आली आणि जुनी डिस्क एकदा खट् वाजून कायमची गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रखमी आली. ऊन असं की कोंबड्यासुद्धा डोळे मिटून पडल्या होत्या. दोघी कॉम्प्युटरसमोर बसल्या. अकरा मिनिटं झाली. संगितानं सवयीनं बंद करायला हात पुढे केला.

गाणं थांबलंच नाही.

"अगो बाई!" रखमी उठून उभी राहिली. "संगिते, हे तर पुढचं! मग लपवून का ठेवलं होतंस?"

संगिताला रडूच फुटलं. फाइलवरची तारीख तीच, नाव तेच, मिनिटं मात्र सतरा. जुन्या डिस्कवर पूर्ण उघडत नसेल, असं तिनं स्वतःला समजावलं आणि पुन्हा पुन्हा ऐकत बसली. आई कुठूनशी परत आल्यासारखी गात होती. ऐकता ऐकता डोळे जड व्हायचे, शेवटापर्यंत जाग राहायची नाही आणि उन्हं कधी कलली ते कळायचं नाही.

चौथ्या दिवशी तिला गाण्यामागं काहीतरी ऐकू आलं. कर्र, मग थांबून पुन्हा कर्र. झोपाळ्याच्या कड्या. जमनाच्या घरी झोपाळा नव्हता. त्याच्याही मागं, अगदी दूर, लाटा होत्या.

मग रूपी मध्येच गायची थांबली आणि आदरानं कुणाला तरी म्हणाली, "घ्या, तुम्ही धरा." एका म्हाताऱ्या बाईनं पुढची ओळ उचलली. आवाज थकलेला, पण आनंदाचा.

संगितानं जतीनला फोन लावला.

"जतीनभाऊ, त्या फोटोंत मांडव आहे, खुर्च्या आहेत, रांगोळी काढलेला पाट आहे. पाटावर कुणीच कसं नाही?"

"त्यांची मुलगी, नूतन. लग्नाला आठ दिवस होते, तापानं गेली. काकांनी मांडव महिनाभर उतरवू दिला नव्हता. ताई, मी म्हटलं होतं ना, पुसून टाकू."

फोन ठेवला तर कविता दारात उभी. हल्ली ती अशीच मंद मंद चालायची.

"आई, काल दुपारी मला काय छान स्वप्न पडलं! चिकूच्या बागेत एक आजी माझी वेणी घालत होती. हात गार होते तिचे, पण किती माया गं. म्हणाली, 'आता उशीर नको.'"

एवढं सांगून ती गुणगुणत आतल्या खोलीत गेली. आज कासारीण येऊन तिला हिरवा चुडा भरून गेली होती.

लग्नाला आठ दिवस उरले होते.

संगितानं घाईनं गाणं लावलं आणि थेट शेवटाकडे नेलं. झोपाळा वाजत होता. दोघी म्हाताऱ्या एका सुरात गात होत्या. सोळाव्या मिनिटाला त्यांनी नवरीचं नाव घेतलं.

जमनाचं नव्हे. कविताचं.

तिनं गाणं बंद केलं. 'पाहुणे' उघडला.

बेचाळीस फोटो.

शेवटच्या फोटोत तोच मांडव होता. पाटावर पाठमोरी एक मुलगी. हातात हिरवा चुडा, मानेवर नुकतीच घातलेली वेणी, आणि डाव्या कानामागं तीळ. तो तीळ संगितानं बाळंतपणाच्या खाटेवर पहिल्यांदा पाहिला होता.

"चालते व्हा माझ्या घरातून," ती दातओठ खाऊन पुटपुटली. अख्खा फोल्डर निवडला आणि तो काढून टाकायची कळ दाबली.

कायमचं काढून टाकायचं का, असं पडद्यानं विचारलं.

तिनं 'हो'च्या कळीवर बोट टेकवलं, अजून दाबलं नव्हतं.

आतलं गुणगुणणं थांबलं.

"कविता?"

बांगडीची किणकिण नाही, श्वासाची चाहूल नाही, पाड्यात कुठं कुत्रंही भुंकेना.

"कविता!"

संगितानं हळूच बोट उचललं.

आत गुणगुणणं पुन्हा सुरू झालं, थांबलं होतं तिथूनच पुढे.