कागदातली वायर

"चाळीस," खालून आवाज आला.

ती शिडीच्या सहाव्या पायरीवर उभी होती. डाव्या हातात छतातून लोंबणारी वायर, उजव्या हातात पकड आणि दातांत टेस्टर. तिने आधी टेस्टर खिशात ठेवला, मग खाली बघितलं.

"काय चाळीस?"

"उत्तर. तुमच्या खिशातून हा कागद पडला. नव्वद मीटर वायर, तिचे सव्वादोन मीटरचे तुकडे किती? चाळीस."

"तुम्हाला शिडी धरायला सांगितलं होतं."

"धरलीये की... एका हाताने."

"दोन्ही हातांनी धरा. आणि चाळीस नाही, छत्तीस होतात."

खालचा माणूस हसला. फार नाही, नाकातल्या नाकात, पण हसला. तिचं डोकं तिथेच फिरलं.

तिला घरात आणि बाजारात सगळे 'फ्यूज' म्हणत, ते उगाच नाही. हे नाव मामाने ठेवलं होतं. हा मामा लायसन्स असलेला वायरमन, आणि ती सहा वर्षं त्याच्या हाताखाली. आताही मामा या टेलरिंगच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून चहा पीत बसला होता. काम ती करायची आणि शेवटी कागदावर सही मामा करायचा, कारण लायसन्स त्याचं. स्वतःचं लायसन्स हवं तर आधी शिकाऊ उमेदवारी हवी, आणि उमेदवारी हवी तर चाचणी पास व्हायला हवी. चाचणीतलं गणित तीस प्रश्नांचं. वेळ चाळीस मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही. ती दोनदा नापास झाली होती. दुसऱ्यांदा तर दोन मार्कांनी. आणि तीनच संधी मिळत. तिसरी हुकली की आयुष्यभर दुसऱ्याची शिडी धरायची, ही गोष्ट तिला रात्रंदिवस डाचत होती.

आणि हा कात्रीवाला हसत होता.

ती धाडधाड खाली उतरली. "हसायला काय झालं?"

"काही नाही." तो टेलर होता. गळ्यात टेप, कानामागे खडू, तिशीच्या आतला. डोळे मात्र हसायचे थांबलेले नव्हते. "पुस्तकात उत्तर काय दिलंय?"

पुस्तकात चाळीसच दिलं होतं. म्हणून तर तीन दिवस तिचा जळफळाट चालला होता.

"पुस्तक चुकीचं आहे," ती म्हणाली.

"पुस्तक चूक, मी चूक. मग एकट्या तुम्हीच बरोबर?"

"हो!"

"बरं," तो म्हणाला. "माझ्या दुकानाची वायरिंग पुरी व्हायला किती दिवस लागतील?"

"बारा. दुपारी तुमचं दुकान बंद असतं तेव्हाच करता येईल."

"मग दुपारी काम झालं की तासभर बसा. माझा दिवस पाव, अर्धा, पाऊण करण्यातच जातो. तुमचं पुस्तक चुकीचं आहे हे मला पटवून द्या."

शिकवतो म्हणाला असता, तर तिने पकड फेकून मारली असती. पटवून द्या म्हणाला, म्हणून ती बसली.

*

कापड कापायच्या टेबलावर अभ्यास सुरू झाला. इस्त्रीची वाफ अजून हवेत असायची, खाली रंगीत चिंध्या, आणि मधोमध ते पुस्तक. तिसऱ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं, तेही भांडणातच.

"एक पूर्णांक तीन चतुर्थांश," तिने वाचलं. "बघ, कसं लिहितात! माणसाची भाषा आहे का ही?"

"म्हणजे पावणेदोन."

ती पुस्तकाकडे बघत राहिली. पावणेदोन तिला लहानपणापासून येत होतं. पावणेदोन, सव्वादोन, अडीच... वायर तोडताना ती झोपेतही मोजेल.

"मग पावणेदोन लिहायला काय धाड भरली होती?" तिने पेन्सिल आपटली.

"त्याला पावणेदोन म्हणून हाक मार. ओ देईल." त्याने टेप तिच्यासमोर पसरला. "आता हे बघ. एका इंचात आठ रेघा. पाऊण इंच म्हणजे कितवी रेघ?"

"सहावी."

"मग सहा अष्टमांश आणि तीन चतुर्थांश..."

"एकच." तिने टेपवरच्या रेघेवर बोट ठेवलं. त्याचं बोट आधीपासून तिथेच होतं. दोघांनीही ते उचललं नाही... मग तिला एकदम राग आला, स्वतःचाच, आणि तिने टेप गुंडाळून टाकला.

"पुढचा प्रश्न," ती म्हणाली.

"तीन माणसं एक काम आठ दिवसांत करतात. चार माणसं?"

"दहा दिवसांत."

"दहा? माणसं वाढली तर दिवस कमी व्हायला नकोत?"

"तू कधी चार माणसांबरोबर काम केलंयस? चौथा बाकीच्या तिघांना गप्पांत गुंतवतो."

तो इतका हसला की शिलाई मशीनला टेकावं लागलं. "उत्तर सहा आहे," तो डोळे पुसत म्हणाला. "पण तुझं खरं आहे."

"खरं आहे तर मार्क का देत नाहीत?"

त्या संध्याकाळी त्याने तिची सगळी चुकलेली गणितं एका कागदावर उतरवून काढली, आणि दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तो दारातच उभा होता.

"सापडलं! लांबीच्या प्रत्येक गणितात तू सारखीच चुकतेस. तुकडा सव्वादोन असला की तू अडीच धरतेस. दीड असला की पावणेदोन. प्रत्येक तुकड्याला वीतभर जास्त!"

"मग?" ती त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघू लागली. "दोन्ही टोकांना थोडी सोडावीच लागते. नाहीतर बोर्डात काय दातांनी ओढू? मामाने पहिल्याच दिवशी शिकवलं, मोजलेल्या मापावर कधी तोडू नकोस."

"मीही कपडा मापावर कापत नाही. शिलाईला सोडतो. म्हणून तर मला दिसलं ते." तो हळू बोलू लागला, लहान मुलाला खोल पाणी दाखवावं तसा. "पण कागदातल्या वायरला जोड नसतो. ती कुठल्याच बोर्डात जाणार नाहीये. सव्वादोन म्हणजे सव्वादोन, एवढंच त्यांना हवंय."

कोणीही खूश झालं असतं. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं, आणि ते रागाचं होतं.

"म्हणजे दोनदा मला नापास केलं ते काम येतं म्हणून? ज्याने आयुष्यात वायर तोडलेली नाही त्याला पैकीच्या पैकी?"

"हो," तो म्हणाला. "राग येण्यासारखंच आहे. राग ठेव. फक्त वायर सव्वादोनची तोड."

त्या दिवशी घरी जाताना तिला रस्ताभर त्याचंच वाक्य आठवत होतं. राग सोड असं सगळेच म्हणत आले होते. ठेव म्हणणारा हा पहिलाच.

*

आणि मग चाचणीला दहा दिवस उरले असताना त्याने घाण केली.

ती बाजारात दिव्याचे होल्डर आणायला गेली होती. विजेच्या सामानाच्या दुकानात मामा चारपाच वायरमन मंडळींत उभा होता, आणि दाराकडे पाठ करून मोठ्याने बोलत होता.

"या खेपेला आमची फ्यूज पास होणार! टेलर छाती ठोकून म्हणाला, मी तिला पास करूनच सोडतो. डोकं रफू करून दिलंय पोरीचं!"

सगळे खो-खो हसले. मग कुणाचं तरी लक्ष तिच्याकडे गेलं, आणि हसणं तुकड्यातुकड्यांनी थांबलं.

होल्डर न घेताच ती तिथून निघाली. टेलरच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, पण तिला कुणीच दिसत नव्हतं.

"मामाला काय सांगितलंस?"

त्याच्या हातातली कात्री थांबली. "त्यांनी विचारलं कशी चाललीये तयारी... मी म्हटलं..."

"पास करूनच सोडतो. मी! हेच म्हणालास ना?"

"कौतुकाने बोलून गेलो. मला वाटलं..."

"सहा वर्षं!" तिचा आवाज चढला. "या बाजारातल्या निम्म्या घरांत मी लावलेले दिवे जळतात, आणि प्रत्येक कागदावर सही मामाची. एक गणित तेवढं माझं होतं. मी चुकले तर मी, बरोबर आलं तर मी. त्याच्याखालीही तू सही ठोकलीस!"

गिऱ्हाइकं गुपचूप बाहेर पडली. त्याने कात्री टेबलावर ठेवली आणि मान खाली घातली. हेही तिला सहन झालं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

"ट्रायल रूमचा दिवा राहिलाय," ती पुस्तक उचलत म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडून लावून घे."

*

पुढचे आठ दिवस ती घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकटीच बसली. प्रत्येक पानावर वरती तिने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: हे कागदावरचं आहे. मग घड्याळ लावायची आणि तुटून पडायची. पेन्सिलींची टोकं मोडत होती. पहिल्या दिवशी तीसपैकी एकोणीस, चौथ्या दिवशी चोवीस. सोडवताना मध्येच जीभ 'ए, हे बघ' म्हणायला वळवळायची, आणि समोर कुणीच नसायचं. त्याचाही तिला रागच यायचा.

चाचणीच्या आदल्या दिवशी मामा आला. हातात कागदात बांधलेलं पुडकं. एरवी येताच चहा मागणारा मामा दारातच चुळबुळत उभा राहिला.

"टेलरने दिलंय. कामाची पँट आहे म्हणे."

"मी शिवायला टाकली नव्हती."

"नव्हती टाकलीस." मामाने मान खाजवली. "परवा तो आला होता गं त्या सामानाच्या दुकानात. सगळे होते. सगळ्यांसमोर म्हणाला, मी तिला काही शिकवलं नाही, फुशारकी मारली ती चूक झाली. गणित तिचं आहे. मी फक्त शिडी धरली."

तिने त्याच्या हातातलं पुडकं घेतलं.

"मग मला म्हणाला, मामा, काम तर ती सहा वर्षं करतेय, मग शिडी तुम्हीच धरत असाल ना?" मामा खाली बघत होता. "मला लागलं ते. पण खरं बोलला."

"आता माझ्या वतीने भांडायला कुणी सांगितलं त्याला?" ती फणकारली, पण आवाजात नेहमीची धार नव्हती, आणि ते मामालाही कळलं.

"सही मी करत आलो, पोरी," तो जाता जाता म्हणाला. "उद्या तू लायसन्सच्या वाटेला लाग. मला हात दुखल्याचं ढोंग करता येईल."

तिने पुडकं सोडलं. जाड निळं कापड, मांडीवर पकडीचा खिसा, टेस्टरचा अरुंद खिसा, आणि शेजारी एक बारीक खिसा... पेन्सिलीचा. मापात कुठे केसाचाही फरक नव्हता. फक्त पाय वीतभर लांब होते.

*

सतरावा प्रश्न वायरचाच आला. त्रेसष्ट मीटर वायर, एक पूर्णांक तीन चतुर्थांश मीटरचे तुकडे.

पावणेदोन, तिने मनात हाक मारली. तिची पेन्सिल दोनच्या दिशेने सरकली... वीतभर, सवयीने. मग ती थांबली. ही वायर कुठेही लागायची नाहीये. पावणेदोन म्हणजे पावणेदोन.

उत्तर आलं छत्तीस.

तिने पुन्हा करून बघितलं. छत्तीसच! त्या गप्पगार खोलीत तिला असं हसू फुटलं की देखरेखीच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. इतकी भांडली होती ती या आकड्यासाठी, आणि आता कागद स्वतःहून तोच मागत होता.

निकाल त्याच दिवशी संध्याकाळी चाचणीच्या खोलीच्या दारावर लावत. यादी तिने वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मग ती तडक चालत सुटली.

*

टेलर दुकानात एकटाच होता. ती आत शिरली ती तावातावाने.

"ही पँट कुणी शिवली?"

तो उभा राहिला. त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. "निकाल...?"

"आधी पँट! दुमडून दुमडून घालावी लागली मला. आणि माझं माप घेतलंस कधी?"

"तू शिडीवर होतीस तेव्हा. नजरेनं."

"नजर फोडीन तुझी."

"फोड. पण निकाल सांग."

"अठ्ठावीस," ती म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेला आवाज फुटला. "तीसपैकी अठ्ठावीस. यादीत तिसरी."

तो स्टुलावर बसला. त्याने तोंडावरून हात फिरवला, आणि मग काही बोलायला तोंड उघडलं.

"तू काहीही म्हणू नकोस," तिने बोट रोखलं. "कौतुक तर मुळीच नाही."

"नाही म्हणत. पँटचं सांगतो." त्याने खाली बघितलं. "नजरेला पक्कं माप कळलं होतं. वीतभर मुद्दाम लांब ठेवली. म्हटलं... रागाने का होईना, छोटी करून घ्यायला तरी येशील."

तिला राग आला. खरंच आला. पण या खेपेला तो कुठे ठेवायचा तेच तिला कळेना.

"रोज दुपारी यायचं मी ठरवलं," ती शेवटी म्हणाली, भांडण उकरून काढावं त्याच स्वरात, "तर तुझी काही हरकत?"

"गणित तर संपलं."

"गणितासाठी कोण येतंय?"

तो हसला नाही. कानामागचा खडू काढून तो तिच्या पायाशी गुडघ्यावर बसला. निळं कापड घोट्याशी दुमडलं, तिथे पांढरी रेघ मारली.

"इथून कापू?"

तिने खाली बघितलं. रेघेखाली वीतभर कापड उरलं होतं.

"कापू नकोस," ती म्हणाली. "आत दुमडून शीव. राहू दे तेवढं."

मग तिने कोपऱ्यातली शिडी ओढून ट्रायल रूमसमोर लावली.

"आणि ये इकडे. दिवा राहिलाय. दोन्ही हातांनी धर."