शांतपट्टी

केतकी फुलके करत होती. अडीच वर्षांची मनवा ओट्याशी स्टुलावर उभी राहून कणकेची चिमणी करत होती. केतकी डबा घ्यायला वळली. परत बघते तर मनवाची तीन बोटं तापल्या तव्याच्या कडेला टेकलेली. मनवा ती निरखत होती. मग सावकाश तिनं हात मागं घेतला.

किंचाळली ती केतकी.

नळाखाली धरलेल्या बोटांवर टरारून फोड आले.

"दुखतंय का गं?"

"हो," मनवा म्हणाली. वरण हवंय का विचारल्यावर म्हणावं तसं.

तिचं तोंड पुसताना केतकीचा हात कानामागच्या काळ्या तिटेवर गेला. पाळणाघरातल्या शेवंतामावशी दृष्ट लागू नये म्हणून ती लावतात, असं तीन महिने केतकी समजत होती. दसऱ्याला तिनं मावशींना घरच्या काजळाची डबीसुद्धा दिली होती. आज ओला हात लागूनही तीट फिसकटली नाही. नखानं ओढली तर सालपटासारखी निघून आली. आतल्या बाजूला डासाच्या सोंडेहून बारीक सुया होत्या.

सकाळी मनवा थरथरत उठली. केतकी तिला कडेवर घेऊन पाळणाघरात गेली आणि ती पट्टी संचालिका दातार मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"हे काय आहे?"

"शांतपट्टी. प्रवेशाच्या वेळी ॲपवर तुम्हीच संमती दिलीत."

"चाळीस पानं होती, मॅडम! मागं रांग उभी होती."

"ताई, मला वाटलं तुम्हाला म्हाईत हाय," शेवंतामावशी दारातून म्हणाल्या.

"मग काजळाची डबी कशाला घेतलीत?"

"माझ्यासाठी दिली असंल म्हटलं."

दातार मॅडम समजुतीच्या सुरात बोलू लागल्या. "धोक्याची घंटा वाजली की मेंदूत 'पुरे आता' असं सांगणारं एक रसायन असतंच. हे औषध त्याचा जोर वाढवतं, एवढंच. मुलं रडत नाहीत, वेळेवर झोपतात. तुम्हीच नाही का म्हणालात, मनवा किती गुणी झालीये?"

म्हणाली होती. ते आठवून केतकीची कानशिलं तापली.

"गुणी? काल हात भाजत होता आणि ती बघत उभी होती! भाजतंय हे तिला कळत होतं. घाबरायचं असतं, एवढंच उरलं नव्हतं. कुणी दिला तुम्हाला हा अधिकार? तीस पोरांमागं दोन मावश्या ठेवायच्या आणि भागत नाही म्हणून पोरांचे मेंदू गप्प करायचे?"

मॅडमचं लक्ष मनवाच्या थरथरत्या हनुवटीकडे गेलं. "पट्टी कधी काढलीत?"

"काल संध्याकाळी."

मॅडम ताडकन उठल्या. "अशी एकदम काढायची नसते! बाहेरून औषध मिळतंय म्हटल्यावर मेंदू स्वतःचं 'पुरे' ऐकणंच कमी करतो. ते अचानक तुटलं तर आकडी येऊ शकते. आत्ता परत लावा आणि तडक डॉक्टरांकडे जा. ते आठवड्या-आठवड्यानं कमी करत आणतील."

"आकडीचं त्या चाळीस पानांत होतं?"

मॅडमनी खणातून नवी पट्टी काढून पुढं केली.

ती केतकीला स्वतःच्या हातानं लावावी लागली. दहा मिनिटांत मनवाची थरथर थांबली आणि ती आईच्या खांद्यावर निमूट पडून राहिली. त्या निमूटपणाची केतकीला शिसारी आली.

फाटकाशी आया मुलांना सोडत होत्या. केतकीनं वाट अडवली आणि सगळं सांगितलं. तवा, सुया, आकडी. "कानामागं बघा. पण ओढून काढू नका, आधी डॉक्टरांना विचारा."

कुणी मुलाचे केस बाजूला केले, कुणी तोंडावर हात ठेवला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेली अनघा तेवढी जागची हलली नाही. तिच्या बोटाला धरून तिची मुलगी शांत उभी होती.

"मला माहीत होतं," अनघा हळूच म्हणाली. "मागच्या पाळणाघरानं हिला रडते म्हणून काढलं. पट्टी बंद केली तर इथूनही काढतील. मग केतकी, हिला दिवसभर तू सांभाळशील?"