पाचवं बटण

"कार्टची बटणं तुमचीच ना?"

तो टेबलाशी येऊन असं म्हणाला तेव्हा ती इतकी दचकली, की हातातला चमचा कपात सुटला. आठ महिन्यांत आपणहून तिच्याशी बोलायला कोणी आलं नव्हतं. ऑफिसात अजूनही सगळे तिला 'नवी मुलगी' म्हणत. ऑनलाइन दुकानात माल निवडून झाला की पैसे भरेपर्यंत जी पानं लागतात, ती तिच्या वाट्याला आली होती, आणि तिथली चार बटणं रेखण्यात तिचा दिवस जाई. संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर आईचा फोन येई. जेवलीस का, जेवले... की संपलं बोलणं.

त्याच्या हातात पांढरी काठी होती. न दिसणाऱ्या गिऱ्हाइकांना दुकानाची वेबसाइट वापरता येते का, हे तपासायला त्याला तीन आठवड्यांसाठी बोलावलं होतं. त्यालाही दिसत नसे. संगणक पडद्यावरचं वाचून दाखवी, आणि हा हेडफोन लावून सगळ्यांच्या चुका काढी. दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'मास्तर' पडलं.

"माझीच," ती म्हणाली. "काही चुकलंय?"

"मला फक्त 'बटण, बटण, बटण, बटण' ऐकू येतं. त्यातलं एक दाबलं... तर घेतलेली वस्तूच गायब."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अधिक, उणे, कचऱ्याचा डबा अशी सुबक चित्रं तिने काढली होती, पण त्यांना कानांसाठी नाव द्यायचं राहूनच गेलं होतं. असं नाव पडद्यावर दिसत नाही, फक्त संगणकाच्या आवाजात ऐकू येतं. ती त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. एका बटणाला तिने 'डबा' म्हटलं, तर तो म्हणाला, माझं जेवण झालंय. मग 'वस्तू काढून टाका' असं ठरलं.

पुढे रोज दुपारी ती त्याच्याकडे बसू लागली. एकदा त्याने विचारलं, 'पैसे भरा'ला रंग कुठला दिलाय? हिरवा, ती म्हणाली. कुठला हिरवा, त्याने विचारलं. नऊ वर्षांचा होईपर्यंत त्याला दिसत होतं, हिरवा चांगला आठवत होता. दोन हिरव्यांमधून एक निवडायला तिने अकरा दिवस घातले होते, आणि ऑफिसात त्याची चौकशीसुद्धा कोणी केली नव्हती. मग ती जी बोलत सुटली... सावलीतलं गवत, उन्हातलं गवत, आणि दोन्हींच्या मधला तो एकच रंग. तो गालावर हात ठेवून ऐकत होता. आता आडपडदा कशाला? त्याच दुपारी ती त्याच्या प्रेमात पडली.

तीन आठवडे बघता बघता सरले. शेवटच्या शुक्रवारी सांगून टाकायचं असं तिने मनाशी ठरवलं होतं, पण दोनदा त्याच्यापर्यंत जाऊन ती नुसतं "चहा?" एवढंच विचारून परत आली. शेवटी जेवणाच्या सुट्टीत तिने वेबसाइटच्या तपासणीच्या प्रतीत, जी फक्त तोच वापरे, एक पाचवं बटण घातलं. त्याला रंग नव्हता, आकार नव्हता, होतं ते फक्त ऐकू येणारं नाव. 'सोमवारी तुम्ही नसाल. मला इथे दुसरं कोणी नाही... आणि दुसरं कोणी नकोही आहे.'

दुपारी त्याची बोटं भरभर चालत होती. बोटं एकदम थांबली. मागे गेली, पुन्हा थांबली, मग एकच कळ कितीदा तरी दाबत राहिली. शेजारच्या खुर्चीवरून ती बघत राहिली. त्याने हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली आणि सगळ्यांना "येतो" म्हणाला. तिलाही त्याच सुरात म्हणाला, आणि गेला.

तिने ते बटण लगेच पुसून टाकलं. शनिवार-रविवार ती स्वतःला बोल लावत खोलीतच बसून राहिली. आईने फोनवर तिचा बसलेला आवाज ओळखला, तेव्हा तिने सर्दीवर भागवलं.

सोमवारी सकाळी मास्तरांचा अहवाल आला. साहेब तो हातात घेऊनच तिच्या टेबलाशी आले आणि वाचू लागले. "दोष सतरावा. पाचव्या बटणाचं नाव स्पष्ट ऐकू येतं, पण दाबल्यावर पुढे काहीच होत नाही. नऊ वेळा दाबून पाहिलं. तातडीने लक्ष घालावं." त्यांनी चष्मा वर केला. "पाचवं कुठून आलं? आपली तर चारच आहेत. फोन लाव त्यांना."

तिने फोन लावला.

"साहेब विचारतायत... बटणं चारच आहेत ना?"

"चारच. मोजताना चुकलो, सांगा त्यांना." मग त्याने आवाज खाली आणला. "शुक्रवारी मला काही कळेचना. माणूस खरं बोलतोय का थट्टा करतोय, ते मी आवाजावरून ओळखतो. आणि त्या यंत्राने तुमचं वाक्य पत्ता वाचावा तसं वाचलं. तुम्ही जवळ होतात, पण काहीच बोलला नाहीत. दोन दिवस तेच डोक्यात आहे... मला ते तुमच्या आवाजात ऐकायचंय."

समोर साहेब उभे होते. आजूबाजूला तीस माणसं होती, आणि त्यांतल्या एकानेही तिचा आवाज कधी धड ऐकला नव्हता. तिने फोन घट्ट धरला.

"मला तुम्ही हवे आहात," ती म्हणाली, आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच म्हणाली. "थट्टा नाही. खूप एकटं वाटतं हो मला इथे, फक्त तुमच्याजवळ नाही वाटत."

की-बोर्ड थांबले. साहेब अहवालात तोंड खुपसून उभे राहिले. पलीकडून काठी उचलल्याचा आवाज आला.

"आता ऐकू आलं," तो म्हणाला. "अर्ध्या तासात पोचतो."