पाचवा चौकोन

तिप्पण्णाने आयुष्यभर मंडपाचं कापड शिवलं होतं. पण वीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद, ना झालर ना नक्षी, असला नुसता पांढरा चौकोन त्याच्याकडून कुणी कधी शिवून घेतला नव्हता. तेही एक नाही, चार.

"कार्य कुणाकडं हाय म्हणायचं, मॅडम?" त्याने मशीनवरून मान वर करून विचारलं.

"कार्य नाही हो. वरून फोटो काढायचाय."

मेहनाझ सोलापूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायची. वय अडतीस. विजापूर वेशीजवळच्या घरात आईबरोबर राहायची आणि मोजून बोलायची. 'जवळपास' हा शब्द विद्यार्थ्यांनी वापरला की तिला राग यायचा. या कामासाठी तिची निवड झाली ती बहुधा याच स्वभावामुळे. आपल्याच देशात बांधलेला एक छोटा उपग्रह नुकताच वर गेला होता. आकाराने घरातल्या फ्रीजएवढा, पण जमिनीवरची अर्ध्या मीटरची वस्तूही त्याला वेगळी दिसावी असा त्याचा कॅमेरा होता. ती नजर खरंच तेवढी तीक्ष्ण आहे का, हे तपासायचं होतं. त्याची रीत साधी होती. काळ्याभोर सपाट रानात पांढरे चौकोन ताणून अंथरायचे आणि फोटोत त्यांच्या कडा किती रेखीव येतात ते बघायचं.

काळंभोर सपाट रान म्हटल्यावर मेहनाझला मंगळवेढ्याखेरीज दुसरं काही सुचलंच नाही. मार्च लागला होता. ज्वारी निघून गेली होती, रानात नुसती धसकटं आणि हात जाईल एवढ्या भेगा. नजर जाईल तिथपर्यंत झाड नाही. त्या सगळ्या पसाऱ्यात काशम्माचं पत्र्याचं एकटं घर तेवढं उभं होतं. रानही तिचंच. साठीची बाई, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, लेक पुण्याला नोकरीत. ती एकटी राहायची आणि एकटेपणाची तिला सवय होती, तक्रार नव्हती.

"अंथरा की," ती म्हणाली. "रान मोकळंच हाय. पर आबाळातनं माजं घर दिसंल का त्याला?"

"दिसेल. तुम्ही अंगणात उभ्या असाल तर तुमची सावलीसुद्धा दिसेल."

"आगं बया!" काशम्मा तोंडाला पदर लावून हसली.

चार मार्चला सकाळी मेहनाझ आणि तिचा जीपवाला हारूनभाई यांनी चारही चौकोन एका ओळीत अंथरले, कडेने खुंट्या ठोकल्या. दहा वाजून चाळीस मिनिटांनी उपग्रह डोक्यावरून गेला. दिसलं काहीच नाही, ऐकूही आलं नाही. संध्याकाळी बेंगळुरूहून नंदीशचा फोन आला. नंदीश उपग्रहाच्या गटातला इंजिनिअर. मूळचा अक्कलकोटचा, त्यामुळे मराठी घरच्यासारखं बोलायचा.

"मॅडम, फोटो झकास आलाय. पण पाचवा चौकोन कशाला टाकला?"

"चारच आहेत."

"पाच आहेत की. बघा तुम्हीच."

तिने फोटो उघडला. काळ्या रानात चार पांढरे चौकोन, ओळीत. आणि त्यांच्यापासून बरंच दूर, दक्षिणेला, पाचवा. तेवढाच, वीस बाय वीस. तिने कडा मोठ्या करून पाहिल्या. तिने अंथरलेल्या चारही चौकोनांच्या कडा वाऱ्याने थोड्या फुगल्या होत्या. पाचव्याच्या कडा पट्टीने आखाव्यात तशा सरळ होत्या.

दुसऱ्या दिवशी हारूनभाईला घेऊन ती त्या जागी गेली. धसकटं होती, भेगा होत्या. खुंटीची खूण नव्हती, कापडाचा दोरा नव्हता. आसपास कुणी काही अंथरलेलं पाहिलं नव्हतं.

"कॅमेऱ्याचाच काहीतरी खेळ असंल, मॅडम," हारूनभाई म्हणाला. तिलाही तेच वाटलं. पण कॅमेरा चुकतो तेव्हा दिसलेलीच वस्तू दोनदा दाखवतो, हे तिला माहीत होतं. ती वस्तू आणखी नीट अंथरून दाखवत नाही.

उपग्रह दर चार दिवसांनी, त्याच वेळेला यायचा, म्हणून चारही कापडं रानात अंथरलेलीच ठेवली होती. आठ मार्चच्या फोटोत पाचवा चौकोन पुन्हा होता, पण पहिल्या जागी नव्हता. तो उत्तरेला सरकला होता. मेहनाझने अंतर मोजलं. एकशे ऐंशी मीटर. बारा मार्चला पुन्हा उत्तरेला. पुन्हा एकशे ऐंशी.

त्या रात्री ती नीट जेवली नाही. आईने विचारलं, तर "काम आहे" म्हणाली. खरं तर वर्षानुवर्षं तेच ते नकाशे शिकवून मरगळलेलं तिच्यातलं काहीतरी जागं झालं होतं. तिने पट्टी लावून रेघ ओढली. पुढचा मुक्काम कुठे पडणार हे आता तिला बोट ठेवून सांगता येत होतं.

सोळा मार्चला ती स्वतः त्या जागेवर जाऊन उभी राहिली. हारूनभाईला जीपपाशीच थांबवलं, दीडशे पावलांवर. ऊन चांगलंच तापलं होतं. दहा एकोणचाळीस झाले. चाळीस झाले. काहीच नाही. फक्त पायाखालची तापलेली माती क्षणभर गार वाटली, एखाद्या गच्चीवर कुणी ताडपत्री ताणल्यावर वाटते तशी. आणि वारा पडला. तिने श्वास सोडला आणि माघारी वळली.

हारूनभाई तिच्याकडे धावत येत होता. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"कुटं गेला होता तुमी?"

"कुठं म्हणजे? इथंच उभी होते."

"या अल्ला! तीन मिनिटं हाका मारतोय मी. चष्मा पुसून पुसून बघितलं. मॅडम, रानात कुणीच नव्हतं."

मेहनाझच्या लेखी एका श्वासाइतकाच वेळ गेला होता.

संध्याकाळच्या फोटोत पाचवा चौकोन नेमका तिने सांगितलेल्या जागी होता. त्यावर ती नव्हती. पण त्याच्या चार कोपऱ्यांशी चार सावल्या होत्या. दहा चाळीसच्या उन्हात उभ्या माणसाची सावली जेमतेम मीटरभर पडते. या सहा-सहा मीटरच्या होत्या. जीपची सावली पश्चिमेला पडली होती, या चारही उत्तरेला. चादरीचे चार कोपरे धरून चौघं चालत निघावेत तशा.

उत्तरेला, बरोबर एकशे ऐंशी मीटरवर, काशम्माचं घर होतं.

फोटो पाहून नंदीशने फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, वीस तारखेला कॅमेरा बंद ठेवू का? मला जमेल ते. कारण काहीतरी लिहीन."

मेहनाझ खिडकीपाशी उभी होती. खाली रस्त्यावर रिक्षावाला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता. पुढे कित्येक दिवस तिला तो रिक्षावाला, त्याचा खाकी शर्ट, सगळं लख्ख आठवत राहिलं.

"काशम्मांना मी बाहेर काढते," ती म्हणाली. "तुम्ही फोटो घ्या."

"नक्की?"

"नक्की. बघू तर द्या काय ते."

वीस तारखेला नऊलाच ती काशम्माच्या अंगणात पोहोचली. खरं काय ते सांगण्यासारखं नव्हतं, आणि खोटं तिला जमायचं नाही. "मावशी, आज फोटोत घर रिकामं हवंय. दहा चाळीसला तुम्ही आमच्याबरोबर गाडीपाशी उभ्या राहा," एवढंच ती म्हणाली.

"बरं की. त्यात काय," काशम्मा म्हणाली. तिने दाराला कडी घातली, मोबाईल कमरेच्या पिशवीत खोचला आणि चपला घालून गाडीपर्यंत आलीसुद्धा. घरापासून शंभर पावलांवर तिघं उभी राहिली. काशम्मा हारूनभाईला त्याच्या पोरींबद्दल विचारत होती.

दहा पस्तीस झाले.

"आगं बाई!" काशम्मा एकदम म्हणाली. "वासरू ऱ्हायलं की अंगनात. घर रिकामं पायजे म्हनला न्हवं?"

"राहू दे, मावशी."

"न्हाय, उनात हाय ते. सोडून आनते. ही आले बगा."

"मावशी, नको. हारूनभाई जातील."

"त्यास्नी मारतंय ते. नव्या मानसाला जवळ येऊ देत न्हाय." ती चालू लागली होती.

मेहनाझ दोन पावलं पुढे झाली. घड्याळात दहा सदतीस. जाऊन यायला दोन मिनिटं पुरेत, असं तिने मनात मोजलं. आणि थांबली.

काशम्मा अंगणात पोहोचली. खुंट्यापाशी वाकली. दावं सोडू लागली.

अडतीस.

"मावशी, या लवकर!"

वाकल्या वाकल्याच तिने हात वर करून हलवला.

एकोणचाळीस. मेहनाझ धावत सुटली.

वारा पडला.

अंगणातून वासरू उधळत बाहेर आलं. गळ्यातलं दावं मागे फरफटत होतं. मेहनाझच्या अंगावरून ते रानात पळालं.

अंगण रिकामं होतं. दाराला कडी तशीच होती. खुंट्यापाशी काशम्माच्या चपलांचे ठसे होते, घराकडे पाठ करून. तिथून पुढे ठसे नव्हते.

तिने हाका मारल्या. हारूनभाईने मारल्या. मग दोघंही थांबले, कारण त्या उघड्या रानात माणूस लपेल अशी जागाच नव्हती.

पोलीस आले. शेजारच्या रानातल्या विहिरीत गळ टाकले गेले. पुण्याहून लेक आला, आईचा फोन पुन्हा पुन्हा लावला, फोन बंद. मेहनाझने सगळं जसं घडलं तसं सांगितलं. ते कुणी लिहून घेतलं नाही. बाई उन्हाच्या भरात कुठेतरी निघून गेली असावी, असं ठरलं.

वीस तारखेच्या फोटोत पाचवा चौकोन नव्हता. चारच होते, चोख. कडा इतक्या रेखीव आल्या की तपासणी संपली, उपग्रह कामाला लागला. तिप्पण्णाचं कापड घडी घालून परत आलं. फक्त त्या फोटोत काशम्माच्या अंगणात, खुंट्यापाशी, एक आखूड सावली होती. वाकलेल्या माणसाची असावी अशी.

पुढे नंदीश तिला त्या जागेचा प्रत्येक फोटो पाठवत राहिला. तिने मागितले नव्हते, पण त्याला पाठवल्याशिवाय राहवेना. सावली दर वेळी तिथेच. मे महिन्यात ऊन डोक्यावर आलं, घराची सावली आखडून भिंतीला चिकटली. अंगणातली सावली मात्र वीस मार्चला होती तेवढीच राहिली. मग ढग आले आणि दोन-अडीच महिने काहीच दिसलं नाही. सप्टेंबरात आभाळ उघडलं, तेव्हाही ती होती.

उपग्रह येण्याच्या दिवशी, दहा चाळीसला, मेहनाझ काशम्माचा नंबर लावायची. वर्गात असली तरी बाहेर येऊन. फोन बंदच असायचा. आपण हे का करतो, याचं उत्तर तिने स्वतःलाही दिलं नव्हतं. त्यात अपराध होताच. पण नुसता अपराध नव्हता. अजूनही तिला जाणून घ्यायचं होतं, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटायची.

ऑक्टोबरात, उपग्रह येण्याच्या एका दिवशी, ती मंगळवेढ्याला गेली. शेजारच्या संगप्पाने काशम्माचं रान कसायला घेतलं होतं. पेरलेला जोंधळा बोटभर वर आला होता. वासरूही त्यानेच सांभाळलं होतं. आता ती चांगली कालवड झाली होती, शिंगांचे कोंब फुटलेली. काशम्माच्या अंगणात जुन्या खुंट्याला बांधून संगप्पा तिच्यापुढे कडबा टाकत होता.

"बाकी गुणाची हाय," तो म्हणाला. "पर हितंच बांदावं लागतंय. दुसरीकडं बांदली की रातभर हंबारती."

दहा चाळीस झाले होते. मेहनाझने सवयीने नंबर लावला.

रिंग गेली.

"हां, बाई," काशम्मा म्हणाली. आवाज तोच. वाकून काम करणाऱ्या माणसाला लागतो तेवढाच दम लागलेला. "आले आले. दाव्याची गाठ लई घट्ट बसलीया. तुमी गाडीपाशीच थांबा, उनात येऊ नगा."

"मावशी," मेहनाझ म्हणाली, "वासरू कुठं आहे?"

"हितंच की, माज्या म्होरं." काशम्मा हसली. "गाठ सोडू देतंय व्हय? सारकं हात चाटतंय बगा."

मेहनाझने समोर पाहिलं. कडबा तसाच पडला होता. कालवडीने मान लांब केली होती आणि खुंट्याच्या वर, हातभर उंचीवर, रिकाम्या हवेत ती सावकाश जीभ फिरवत होती.